डाव्या हाताने उचललेला फोन

शारजातल्या रोल्लाच्या चौकापासून दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामांपर्यंत जिथे जिथे मराठी माणूस एसीखाली बसूनही घाम पुसतो आहे, अशा समस्त बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, या वर्षीपासून आमच्या घरून नाताळचा केक कोणाच्याही घरी पाठवला जाणार नाही. हा निर्णय अंतिम आहे. त्यावर चर्चा होणार नाही. बेकरीवाल्यालाही तसं सांगितलं आहे आणि तो बिचारा विचारतो आहे, साब, हमसे क्या गलती हुई.

दान्या, एवढं लिहून मी थांबलो, कारण लक्षात आलं की या निवेदनातला विनोद कळणारा एकच माणूस शारजात होता. आणि तो मंगळवारी विमानाच्या पोटातून मुंबईला गेला.

अकरा वर्षं मी तुला केक आणून दिला. पहिल्या वर्षी तर मी दारातच हात पसरून मेरी ख्रिसमस असं गायलो होतो, दोन मजले वर ऐकू जाईल असं. तू केक घेतलास, थँक यू म्हणालास, आणि रूथवहिनींनी मला गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला हलवा दिला. मी तो खाऊन जाहीर केलं की कोकणातल्या ख्रिश्चनांच्या हाताला चव असते. वहिनी आत निघून गेल्या. मला वाटलं, लाजल्या.

दानियल किहीमकर. यात न कळण्यासारखं काय होतं? दानियल म्हणजे ख्रिश्चन. किहीमकर म्हणजे कोकणातला. वसईच्या फ्रान्सिसला वाटायचं, तू प्रोटेस्टंट असशील, म्हणून त्याच्या चर्चमध्ये दिसत नाहीस. प्रोटेस्टंट लोकांना वाटायचं, तू फ्रान्सिसच्या गोटातला. सगळे आपापल्या जागी समाधानी होते. एकदा फक्त माझी मुलगी गाडीत म्हणाली होती, "बट पप्पा, दानियल अंकल नेव्हर गोज टू चर्च." मी तिला म्हणालो, "तुझे पप्पा तरी कुठे देवळात जातात?" मी असा, दान्या. प्रश्न आला की टाळी घेऊन मोकळा.

तू आपल्या मराठी मंडळाच्या नाटकांचा प्रॉम्प्टर. विंगेत, लाकडी स्टुलावर, वहीवर टॉर्चचा उजेड धरून तू बसायचास. मी मंडळाचा नट, माझ्या मते एकमेव. पाठांतराशी माझं कधीच जमलं नाही. वाक्य विसरलो की मी खोकायचो, रुमाल काढायचो, आणि तेवढ्यात विंगेतून तुझा आवाज यायचा. जेवढं हवं तेवढंच, एक शब्द जास्त नाही. पडदा पडला की लोक माझ्याभोवती गोळा व्हायचे आणि तू वही मिटून म्हणायचास, "आज सात वाक्यं गाळलीस." कधी पाच, कधी नऊ. चांगलं काम केलंस असं तू मला एकदाही म्हणाला नाहीस. पण गाळलेली वाक्यं मोजणारा माणूस आपल्याला पूर्ण ऐकत असतो, हे मला आत्ता, हे लिहिताना सुचतंय. अकरा वर्षं उशिरा.

तुझं पाइपांचं गोदाम आणि माझं कॉन्ट्रॅक्टरचं ऑफिस रास अल खोरच्या एकाच गल्लीत होतं. म्हणून माझी गाडी आणि तुझं पेट्रोल, असा आपला करार झाला. शारजातून निघायचं आणि ब्रेकवर पाय ठेवून दुबईकडे सरकत राहायचं. त्या रस्त्यावर मी तुला माझं सगळं आयुष्य सांगितलं. साताऱ्याची शाळा, पहिलं प्रेम, दुसरं प्रेम, नीलाशी लग्न ठरताना तिच्या वडिलांनी मला पाहायला येताना सोबत आणलेला पैलवान. काही गोष्टी तू तीन-तीनदा ऐकल्यास. तिसऱ्या वेळी पैलवान दोन झालेले असायचे आणि तू शांतपणे म्हणायचास, "मागच्या वेळी एकच होता."

तू स्वतःबद्दल काही बोलायचा नाहीस. मला ते सोयीचं होतं. फक्त तुझं अरबी ऐकून मी चकित व्हायचो. कस्टम्सचा माणूस अडून बसला की गल्लीतले सगळे तुला हाक मारायचे. "कुठे शिकलास रे?" मी विचारलं. "रोल्लात," तू म्हणालास. मीही रोल्लात राहत होतो आणि माझं अरबी यल्ला आणि खलास यांच्या पलीकडे गेलं नव्हतं. तरी मला शंका आली नाही.

शंका आली ती फोनमुळे. तुझ्या घरी कधीही यावं, तू आत शिरल्यावर बूट काढायच्या आधी फोन उचलायचास, कानाला लावायचास, एक क्षण ऐकायचास आणि ठेवून द्यायचास. मी एकदा म्हणालो, "काय रे, वहिनी माहेरी किती बोलल्या ते वासावरून कळतं का?" तू हसलास. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसलास आणि पट्टा लावता लावता म्हणालास, "वश्या, माझा जन्म बगदादचा."

मी किल्ली फिरवली. गाडी आधीच चालू होती.

तुझे वडील किहीमचे. बंदरावर कारकुनी करायला इराकात गेले, पुढे बगदादला आले, तिथल्याच एका यहुदी मुलीशी लग्न केलं, तिथलेच कागद घेतले. घरात मराठी आणि अरबी, आणि शुक्रवारी संध्याकाळी आईने लावलेले दिवे. तुम्ही बेने इस्राएल. कोकणात ज्यांना लोक शनिवार तेली म्हणत, ते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे. मी साताऱ्याचा. मी हे नावही ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "म्हणजे तू ज्यू?" तू म्हणालास, "हो. आणि केक बंद केलास तर बघ. लोक विचारतील."

मग रोज थोडं थोडं, जेवढा रस्ता अडेल तेवढं, तू सांगत गेलास. पहिल्या दिवशी फक्त क्लब. तुमच्या लोकांचा एक क्लब होता, नदीकाठी, तिथे तुझे वडील पत्ते खेळायचे. सरकार बदललं, नवीन माणसं आली, आणि एक दिवस क्लबला कुलूप लागलं.

"मग तेव्हाच निघायचं ना," मी म्हणालो.

"क्लब बंद झाला म्हणून कोणी देश सोडतं? उद्या आपलं मंडळ बंद झालं तर तू साताऱ्याला जाशील?"

"उद्या मंडळ बंद झालं तर नीला पेढे वाटेल."

तू म्हणालास, "बाबांनाही आई तेच म्हणाली होती. बरं झालं, आता संध्याकाळी घरी याल."

दुसऱ्या दिवशी वडिलांची नोकरी. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, तुम्ही थकला असाल, आता घरी बसा. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. तिसऱ्या दिवशी तुझं कॉलेज. यादीत तुझं नाव नव्हतं आणि यादी लावणाऱ्या मास्तरांनी तुला बघून पाठ फिरवली. मग फक्त यहुद्यांसाठीचं पिवळं ओळखपत्र. मग गावाबाहेर जायला बंदी. प्रत्येक वेळी मी तेच विचारायचो, "मग तेव्हा का नाही निघालात?" आणि प्रत्येक वेळी तू म्हणायचास, "कोणत्या दिवशी निघायचं ते तू सांग." मी दिवस सांगायचो. तू म्हणायचास, त्या दिवशी असं वाटलं होतं की हे शेवटचं. याच्या पुढे काय करणार आहेत?

आपला हा वाद कधीच संपला नाही. मी दर वेळी दिवस बदलायचो. बाहेर बसून दिवस निवडणं सोपं होतं.

फोनचा दिवस मला अजून दिसतो. आपण पुलाखाली अडकलो होतो. तू म्हणालास, एक्स्चेंजचा माणूस आला, ओळखीचा, दर ईदला तुमच्याकडे येणारा. बसला, चहा प्यायला, दोन खजूर खाल्ले. मग उठून त्याने वायर कापली आणि आईला म्हणाला, माफ करा, हुकूम आहे. फोनचा डबा तसाच ठेवून गेला. त्यानंतर रोज संध्याकाळी तुझे वडील फोन उचलायचे, कानाला लावून ऐकायचे, ठेवायचे आणि आईकडे बघून म्हणायचे, "आज नाही." मराठीत. "आज नाही," एवढंच. जसं काही उद्या असणार होता.

नंतर मामा. दोन प्रश्न विचारायचे आहेत म्हणून नेला, पायात घरातल्या सपाता. त्याचे प्रश्न अजून संपलेले नाहीत, असं तू म्हणालास. आणि मग हेर ठरवलेल्या तुमच्याच लोकांना चौकात दिलेल्या फाशा. सरकारने लोकांना या बघायला असं सांगितलं आणि लोक गेले, मुलांना घेऊन, डबे घेऊन. तुमचा शेजारी पण गेला. परत आला तेव्हा त्याच्या मुलांच्या हातात खाऊ होता. तू खिडकीतून पाहिलंस. आणि त्याच शेजाऱ्याने काही महिन्यांनी तुमच्यासाठी ट्रक शोधला, उत्तरेच्या डोंगरातून पलीकडे नेणारा. स्वतःची मान धोक्यात घालून.

मी म्हणालो, "मग तो माणूस चांगला का वाईट?"

तू म्हणालास, "सिग्नल सुटलाय, गाडी काढ."

मी त्या वेळी तुझ्यावर चिडलो होतो, आठवतं? तुझ्यावर नाही, पण दुसरं कोणी गाडीत नव्हतं. मी म्हणालो, मंडळात सांगून टाकू. आपली माणसं आहेत. कोणी काही म्हणणार नाही. तू म्हणालास, "माहीत आहे."

"मग घाबरतोस कशाला?"

"घाबरत नाही. इथे मला कोणी कधी काही केलेलं नाही. पण तुमची परीक्षा कशाला घेऊ? बाबांनी वीस वर्षांचे शेजारी एकेक करून नापास होताना पाहिले. नोकरी गेल्याचं त्यांना काही वाटलं नाही. शेजारी गेल्याचं वाटलं."

"म्हणजे आम्ही नापास होणार हे तू धरूनच चाललायस."

"मी काहीच धरलेलं नाही, वश्या. मी पेपरच काढला नाही."

माझ्यापुरता मात्र तू पेपर काढला होतास. ते मला समजलं नाही. आता पुढचं मला लिहायचं आहे आणि मी गेला अर्धा तास पंखा बंद कर, चालू कर असं करत बसलो आहे.

त्या वर्षीचा पाडवा. शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. माझा हुकमी आयटम, "बाजारातली माणसं". वीस मिनिटं, एकटा माणूस. पठाण, मलबारी चहावाला, इराणी गालिचेवाला आणि शेवटी यहुदी व्यापारी. हे सोंग मी तुझी ओळख व्हायच्या आधी बसवलेलं. आयुष्यात एकही ज्यू पाहिला नसताना. दुसऱ्या नकलाकारांची नक्कल करून मी ज्यू केला होता. मेणाचं लांब नाक, वाकलेली पाठ, चोरटी नजर. लोकांना तोच सर्वांत आवडायचा.

मी विंगेत येऊन तुला म्हणालो, "दान्या, आज यहुदी गाळतो." तू वहीतून मान वर न करता म्हणालास, "कशाला? लोक विचारतील."

पाच वर्षं मी तो सूर आठवतोय. तू खरंच म्हणालास, का मला गाळायची आणखी एक संधी दिलीस? तू टॉर्च वहीवर धरला होतास, तुझा चेहरा अंधारात होता. मी ऐकलं ते मला सोयीचं होतं तसं. मी नाक चिकटवलं आणि गेलो.

तेवढंच केलं असतं तरी कदाचित आज मी एवढा गोंधळलो नसतो. पण पुढच्या एकांकिकेसाठी टेबलावर फोन ठेवलेला होता. काळा, गोल तबकडीचा. आणि हॉल हसत होता, आणि हॉल हसायला लागला की माझं काय होतं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? माझा हात फोनकडे गेला. मी तो उचलला. कानाला लावला. ऐकलं. ठेवला. तोंड लांब करून लोकांकडे बघून म्हणालो, "आज नाही."

हॉल कोसळला. मी पुन्हा उचलला. पुन्हा "आज नाही." तिसऱ्यांदा तर मी फोन हळूच, चोरासारखा उचलला आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले.

आणि मग मी पुढचं वाक्य विसरलो. खोकलो. रुमाल काढला. विंगेकडे बघायची हिंमत होत नव्हती. तेव्हा तुझा आवाज आला. जेवढं हवं तेवढंच. नेहमीच्याच आवाजात.

नंतर मेकअपच्या खोलीत मेणाचं नाक निघेना. तू खोबरेल तेलाची बाटली घेऊन आलास, माझी हनुवटी वर केलीस आणि हलक्या हाताने ते नाक सोडवत बसलास. आरशात आपण दोघे दिसत होतो. तू म्हणालास, "फोन बरा उचललास. पण बाबा डाव्या हाताने उचलायचे. उजवा आईच्या खांद्यावर असायचा." मग नाक कागदात गुंडाळलंस आणि विचारलंस, "जेवायला श्रीखंड आहे ना?"

गाळलेली वाक्यं किती, हे त्या दिवशी तू सांगितलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखा गाडीत बसलास. मी ठरवलं होतं, पहिल्या सिग्नलला माफी मागायची. पहिल्या सिग्नलला तू खिडकीबाहेर बघत होतास. दुसऱ्याला मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. मग आठवडा गेला, आणि मग वाटलं, आता काढलं तर जखम उघडेल. मग वाटलं, तो विसरला असेल. मी तुझ्या वडिलांना दिवस निवडून देत होतो, दान्या. क्लबच्या दिवशी निघायचं, नोकरीच्या दिवशी निघायचं. मला स्वतःला पाच वर्षांत एक दिवस निवडता आला नाही. आणि तू माझ्याबरोबर रोज दोन तास बसत राहिलास. का? मला जागा द्यायला? का तू मला तेव्हाच माफ केलं होतंस, त्या खोबरेल तेलाने? का माफ केलं नव्हतंस, आणि तरी बसत होतास, कारण तुला बसची गर्दी आवडत नव्हती? हे विचारायचं राहिलं. तू यातलं काहीही म्हणाला असतास तरी मला चाललं असतं.

रविवारी गोदामातून तू गेल्याचा फोन आला. त्यानंतरचे दोन दिवस म्हणजे कागद. एका खिडकीवरच्या माणसाने फॉर्म पुढे घेऊन विचारलं, "क्रिश्चन?" मी तोंड उघडलं. रूथवहिनींनी माझा दंड धरला. मी मान हलवली. शेवटच्या कागदावरही मी तुला केक दिला, दान्या.

विमानतळावर वहिनी अगदी स्थिर होत्या. जाता जाता म्हणाल्या, "भाऊजी, ते मागेच सांगून ठेवलं होतं त्यांनी. माझ्यानंतर वश्याला सांगू दे. इतकी वर्षं पोट दुखतंय बिचाऱ्याचं."

मी रडता रडता हसलो. मग त्या म्हणाल्या, "आणि म्हणाले, काही गाळू नको म्हणावं."

तेव्हापासून ते वाक्य माझ्या कानात विंगेतून येतंय. जी गोष्ट सांगायला मी इतकी वर्षं तडफडलो, ती तू मला देऊन गेलास, आणि त्या गोष्टीतच मला बसवून गेलास, मेणाच्या नाकासकट. बाकी सगळं सांगायला माझी जीभ शिवशिवत होती. फोन सांगायला नाही. हा सूड होता का रे? तू सूड घेणारा नव्हतास. मग ही भेट होती? तुझ्याकडून मला दोन्हीतला फरक कळायचाच नाही.

शुक्रवारी सकाळी आमच्याकडे मंडळ जमलं, तुझ्यासाठी. अठरा माणसं, चार सोफ्यावर, बाकी सतरंजीवर. फ्रान्सिसने मोठी मेणबत्ती आणली आणि ती पेटवायची का नाही हे त्याला कळेना, म्हणून हातातच धरून बसला. सुलभाताई झाकलेलं ताट घेऊन आल्या. मंडळाचा प्रसाद, जेवण, सगळं पाहणाऱ्या आपल्या अलिबागच्या सुलभाताई. मी म्हणालो, "आज कशाला आणलंत काही?" त्या म्हणाल्या, "असू दे."

मी उभा राहिलो. तुला माहीत आहे, उभं राहिल्यावर माझं काय होतं. छाती पुढे, आवाज खाली. "मित्रहो, आज मी तुम्हाला एक अशी गोष्ट सांगणार आहे, जी या खोलीत फक्त मला माहीत आहे." फार चांगली सुरुवात होती. खोली शांत झाली. आणि मला पुढचं वाक्य आठवेना. मी खोकलो. रुमाल काढला. आणि सवयीने डावीकडे बघितलं. डावीकडे फ्रीज होता.

स्वयंपाकघराच्या दारातून नीलाचा आवाज आला, "ज्यू होते ते. सांगा पुढे."

कोणी दचकलं नाही. दान्या, एकही माणूस दचकला नाही. फ्रान्सिस तेवढा म्हणाला, "हुश्श," आणि मेणबत्ती खाली ठेवली.

सुलभाताईंनी ताटावरचा रुमाल काढला. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वेलदोडा, बेदाणे, वर खजूर आणि केळी, आणि मधोमध एक गुलाब. मलिदा, तुमच्या लोकांचं नवसाचं ताट. तुझ्या लेकीचा ताप उतरला होता तेव्हा वहिनींनी सगळ्यांना बोलावून हेच ताट मांडलं होतं, आणि मी मोठ्याने विचारलं होतं, "वहिनी, पोह्यांना फोडणी द्यायची राहिली का?" त्या दिवशी सुलभाताई काही न बोलता हात जोडून उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं होतं, त्या कशालाही हात जोडतात. त्यांच्या अलिबागच्या घराला लागून तुमच्याच लोकांचं घर होतं. लहानपणापासून त्यांनी मलिदा खाल्लेला. ताट बघताच त्यांनी ओळखलं, घरी जाताना नीलाला सांगितलं, नीलाने आणखी कोणाला, आणि महिनाभरात सगळ्यांना कळलं. आणि सगळ्यांनी ठरवलं की, तुला सांगायचं नाहीये, तर आपण विचारायचं नाही. इतकी वर्षं. म्हणजे तू न काढलेला पेपर हे लोक घरी बसून सोडवत होते.

मी नीलाला म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या पोटात राहिलं असतं?"

सगळे हसले. मीही हसलो. "आणि तो केक? दर वर्षी तूच बांधून द्यायचीस."

"त्यांना आवडायचा," नीला म्हणाली.

मला एवढं बरं वाटलं, दान्या. वाटलं, तुला आत्ता फोन करावा आणि सांगावं, अरे, पास झाले सगळे. तुझ्या वडिलांचे शेजारी एकेक करून गेले आणि हे अठरा जण एकेक करून जवळ आले आणि आपल्या दोघांनाही पत्ता नाही. मी अगदी तोंड उघडलं होतं. आणि मग, ताटातला गुलाब बघता बघता, मला पाडवा आठवला. पाडवा मलिद्यानंतरचा. पुढच्या रांगेत नीला होती. सुलभाताई होत्या. तू पडद्याच्या आड, सहा फुटांवर, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. आणि हॉल कोसळला होता.

काही गाळू नको म्हणाला होतास. मी विचारलं. माझा आवाज नाटकातला नव्हता, तो कुठला होता मला माहीत नाही. "मग त्या पाडव्याला, मी यहुदी केला तेव्हा, तुम्ही सगळे हसलात कसे?"

नीलाने माझ्याकडे बघितलं नाही. सुलभाताईंनी पदर नीट केला, आणि माझी समजूत घालावी तशा, अगदी मायेने, त्या बोलून गेल्या:

"हसलो नसतो तर तुम्ही विचारलं असतंत, आणि मग त्यांचं उघडं पडलं असतं. अहो वसंतराव, आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीतच नाही. माहीत असतं तर तुम्ही ते सोंग काढलंच नसतंत."